मागच्या खोलीतलं तेल

४ ऑक्टोबर

बस डेपोच्या मालकांनी सांगितलंय की प्रयोगाची नोंद ठेवायची. किती तेल घातलं, बस किती किलोमीटर पळाली, धूर कसा, आवाज कसा. ते सगळं मोठ्या वहीत. ही दुसरी वही तिथे न मावणाऱ्या गोष्टींसाठी. एकतीस वर्षं डेपोत इंजिनं उघडली, पण चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. हिनेच वही आणून दिली. म्हणाली, इथे बोला जे काय बोलायचं ते, नाहीतर दिवसभर माझ्या टेबलापाशी उभे राहाल आणि माझी प्रुफं राहतील.

हिचं काम प्रुफं तपासायचं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्याचं काम बावीस वर्षं घरी बसून करते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर लाल पेन आणि गठ्ठे. हिच्या नजरेतून चूक सुटली असं छापखानेवाला अजून एकदाही म्हणालेला नाही. माझ्या नजरेतून काय काय सुटतं त्याची यादी तिच्याकडे तोंडपाठ आहे.

प्रयोग असा. हॉटेलं आणि कॅन्टीनवाले तळून तळून काळं झालेलं तेल गटारात ओततात. ते गाळून, तापवून त्यात मिथेनॉल नावाचं स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं, की चिकट जड भाग तळाशी बसतो आणि वर पातळ, पिवळं तेल येतं. डिझेल इंजिनात ते चालतं. बाटलीभर करून डेपोच्या जुन्या पाणी-पंपावर मी ते चालवून दाखवलं तेव्हा मालक पाच मिनिटं पंपाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, सात नंबरची बस भंगारात काढायचीच होती. ती घ्या. हिवाळाभर तुमच्या तेलावर पळाली तर डेपोच्या मागे प्लांट टाकू. प्रमुख तुम्ही."

पाच महिन्यांपूर्वी याच मालकांनी मला निरोपाचं घड्याळ दिलं होतं. माझ्या जागी आलेला नवा मेकॅनिक इंजिनाला वायर जोडतो आणि पडद्याकडे बघतो. इंजिनाकडे बघतच नाही.

७ ऑक्टोबर

लेकीची मागची खोली रिकामी केली. ती नोकरीच्या गावी राहते, वर्षातून दोनदा येते. पलंग उभा करून भिंतीला लावला. तापवायला शेगडी, दोन पिंपं, ढवळायला वॉशिंग मशीनची जुनी मोटर. आज मिथेनॉलचा ड्रम आला.

समोर छापलेलं काही दिसलं की हिला वाचल्याशिवाय राहवत नाही. ड्रमवरची चिठ्ठी वाकून पूर्ण वाचली, एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय असं सांगितलं, मग म्हणाली, यात लिहिलंय की जागा हवेशीर पाहिजे, वाफ नाकात जाऊ द्यायची नाही, हातमोजे घालायचे. मी म्हटलं, फिनेलच्या बाटलीवरही असंच लिहितात, कंपनीला स्वतःची मान सोडवून घ्यायची असते. ती म्हणाली, इतक्या बारीक टाइपात छापलंय म्हणजे कोणी वाचू नये अशीच त्यांची इच्छा असणार.

तरी मी खिडकी सताड उघडून ठेवली आणि हातमोजे आणले. हिला ते मोठे होतात.

१२ ऑक्टोबर

पहिला मोठा घाणा वाया. तेल न होता सगळा साबण झाला. तेलात पाणी राहिलं होतं आणि कॉस्टिक मी अंदाजाने घातलं. दुसराही तसाच. दोन दिवस मी तोंड पाडून बसलो होतो. वाटलं, नवा मेकॅनिक हसत असेल.

तिसऱ्याला ही उठून आत आली. मापं घेतली, वजन दोनदा केलं, मिथेनॉल थेंब न सांडता ओतलं. साडेतीन तासांनी पिंपात दोन थर स्वच्छ दिसायला लागले, मधोमध रेघ मारल्यासारखे. माझा हात नटबोल्टचा, हिचा काना-मात्रेचा. तेव्हा ठरलं, माप आणि मिसळणं तिने करायचं, तेल जमवणं आणि बस मी बघायची.

तिला प्रुफांचं काम असतंच. पण घाण्याला असे किती तास लागतात? ढवळत असताना शेजारी बसून प्रुफं वाचते.

२० ऑक्टोबर

सात नंबर निघाली. पाच भाग डिझेलमध्ये एक भाग आपलं तेल. पहिल्या किल्लीत सुरू. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून दोन फेऱ्या केल्या, डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. ठोका मऊ झालाय. धूर निम्मा.

ड्रायव्हर म्हणाला, मिस्त्री, एकच तक्रार आहे, सिग्नलला मागे थांबलेल्या मोटारसायकलवाल्यांना भूक लागते. खरंच तळणीचा वास येतो.

घरी येऊन हिला सांगितलं तर इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

२ नोव्हेंबर

वाईट दिवस. निम्मं आपलं, निम्मं डिझेल असं प्रमाण केलं आणि बस पुलावर बंद पडली. चाळीस माणसं उतरून चालत गेली. त्यातला एक म्हातारा जाताना माझ्याकडे बघून नुसता खोकला. मला ते शिवीसारखं लागलं.

फिल्टर उघडला तर काळ्या गाळाने गच्च. जरा वेळाने उलगडलं. आपलं तेल घाण करत नाही, ते टाकीच्या भिंतीला वीस वर्षं चिकटलेली डिझेलची घाण खरवडून काढतं. म्हणजे दोष जुन्याचा. टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलला, आता आठवड्याला बदलणार. संध्याकाळपर्यंत बस पुन्हा रस्त्यावर.

नव्या मेकॅनिकने विचारलं, पडद्यावर बघू का? मी म्हटलं, बघ.

९ नोव्हेंबर

शेजारीण वासाची तक्रार घेऊन आली. तिची स्वयंपाकघराची खिडकी आणि आपल्या मागच्या खोलीची खिडकी समोरासमोर. तिचं म्हणणं, नुसता तेलकट वास असता तर चाललं असतं, पण त्यात दवाखान्यासारखं काहीतरी गोडसर येतं. नगरपालिकेत जाईन म्हणाली. तिकडे गेली तर सगळं थांबेल. घरात असला उद्योग करायची परवानगी कुठे आहे आपल्याकडे?

खिडकी बंद करून फटींना चिकटपट्टी लावली. नाहीतरी थंडी पडायला लागली आहे. तेल गार राहिलं तर घाणा बिघडतो, खोली उबदार असलेली बरी.

१७ नोव्हेंबर

इंजेक्शन पंपाकडे जाणारी रबरी नळी फुगली आहे. बोटाने दाबली तर कणीक दाबल्यासारखी दबली. आपलं तेल जुन्या रबराला खातं हे वाचलेलं होतं, पण इतक्या लवकर खाईल असं वाटलं नव्हतं. चारही नळ्या काढून दुसऱ्या जातीच्या घातल्या. जोडाला जरा ओल दिसते, आवळून पाहिलं, उद्या सकाळी पुन्हा बघेन. बसचं एक बरं असतं, तिला काही झालं की ती लगेच दाखवते.

ही दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून लवकर झोपते.

२९ नोव्हेंबर

ही चार दिवस लेकीकडे जाऊन आली. टवटवीत होऊन आली. डोकं दुखलं नाही, मळमळलं नाही, दोन वेळा नीट जेवली म्हणे. मी चिडवलं, माझ्यापासून लांब गेलं की तब्येत सुधारते तुझी. ती म्हणाली, तसंच दिसतंय.

ती नव्हती तेव्हा एक घाणा मी केला. पाण्याने धुतलेलं तेल उघड्या पातेल्यात तापवून उरलेलं स्पिरिट उडवायचं असतं, त्याला दीड तास लागला. बाहेर आलो तेव्हा माझंही डोकं जड होतं आणि पाय जरा तरंगत होते. थंडी बाधली असेल. मफलर न घालता बसलो होतो.

८ डिसेंबर

सकाळी सात नंबर सुरूच होईना. गारठ्याने टाकीतलं तेल दुधासारखं गढूळ झालं होतं. तळणीचं तेल थंडीत थिजतं, त्याचा गुण यातही उतरतो. डिझेलचं प्रमाण वाढवलं आणि टाकीभोवती गोधडी शिवून घातली. नऊ वाजता निघाली. गोधडी घातलेली बस बघून डेपोत सगळे हसले, मीही हसलो.

हिचा छापखान्याकडून सोळा पानांचा एक फर्मा परत आला. एकाच पानावर सात चुका राहिल्या होत्या. छापखानेवाल्याने सोबत काहीच लिहिलं नव्हतं, नुसते सात गोल केले होते. ही ते पान बराच वेळ हातात धरून बसली. म्हणाली, मी हे पान वाचलं होतं, मला आठवतंय. मी म्हटलं, वय झालं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. चष्मेवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने नवीन काच दिली. जाड आहे, शोभते तिला.

१९ डिसेंबर

आता ऐंशी टक्के आपलं तेल. बस चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जाते.

सकाळी हिने विचारलं, बाहेर धुकं आहे का? धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. ती म्हणाली, मला सगळ्यावर पांढरं पडल्यासारखं दिसतं, टीव्हीवर चित्र नसताना मुंग्या येतात तसं. मग हळूच सांगितलं की मागच्या आठवड्यात पूर्ण गठ्ठा तिने काळ्या पेनने तपासला आणि ते लाल आहे असंच तिला वाटत होतं. छापखान्यातल्या माणसाने फोन केला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, परवाचा घाणा झाला की जाऊ.

२३ डिसेंबर

गेलो.

डॉक्टर तरुण आहे पण घाई करत नाही. अंधारात बसवून दिव्याने बराच वेळ बघितलं. रंगीत ठिपक्यांची पुस्तकं असतात, ती दाखवली. त्यातले आकडे हिला दिसले नाहीत. म्हणाला, काचेचा दोष नाही, आत डोळ्याची नस फिकट पडली आहे. कारण शोधलं पाहिजे.

मग त्याने तिला विचारलं, दारू घेता का? हलकी, घरगुती? ही ताठ झाली. नाही म्हणाली. त्याने सांगितलं, राग मानू नका, विचारावं लागतं. मग विचारलं, कामाच्या ठिकाणी कुठल्या रसायनाशी संबंध येतो का? स्पिरिट, रंग, थिनर, असं काही?

मी म्हणालो, "नाही, ती घरीच असते. प्रुफं तपासते."

ते खरंच आहे. तिची नोकरी तीच आहे.

ही माझ्याकडे वळली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण बोलली नाही. डॉक्टरने जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. घरी येईपर्यंत रस्त्यात आम्ही फक्त एकदा बोललो. ती म्हणाली, पायरी आहे का इथे? मी म्हटलं, हो, एक आहे.

२४ डिसेंबर

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं.

तो नोकरीबद्दल विचारत होता. आणि रसायनाचंच म्हणाल तर मी स्वतः ते हाताळलंय, मला काही झालं नाही. एकदा डोकं दुखलं, बस. नगरपालिकेच्या परवानगीशिवाय घरात ड्रम ठेवलाय हे एका अनोळखी माणसासमोर बोललो असतो तर त्याने कागदावर लिहिलं असतं. कागद कुठे जातात ते सांगता येत नाही. प्रयोगाला दोनच महिने उरलेत.

आजपासून मिसळणं मी करणार. तिला सांगितलं, तू आराम कर. तिने विचारलं नाही, का म्हणून. मागच्या खोलीचं दार लावून घेतो आणि खाली पोतं ठेवतो.

२ जानेवारी

शंभर टक्के. डिझेलचा थेंब नाही. दुपारच्या उन्हात सात नंबर रिंगरस्त्याला पूर्ण फेरी मारून आली. धूर तपासणाऱ्या माणसाने नळी लावली, आकडा बघितला, नळी काढून पुसली आणि पुन्हा लावली. त्याचा विश्वासच बसेना. मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. नव्या मेकॅनिकने सायलेन्सरला बोट लावून बघितलं. बोट काळं झालं नाही. मग त्याने मला विचारलं, शिकवाल का? मला वाटलं होतं की हे ऐकून फार बरं वाटेल. वाटलंही.

घरी आलो तर ही खुर्चीत बसली होती, दिवा न लावता. मी सांगितलेलं सगळं ऐकलं. म्हणाली, "तुम्हाला हवं होतं तसं झालं." मी दिवा लावला. तिला कळलं नाही बहुतेक, कारण थोड्या वेळाने म्हणाली, दिवा लावा की.

१३ जानेवारी

लेक आली. न कळवता आली. छापखानेवाल्याने तिला फोन केला होता, आईने काम सोडल्याचं तिला त्याच्याकडून कळलं. मलाही ते तिच्याकडूनच कळलं.

पाऊण तास आईजवळ बसली. मग आपली बॅग ठेवायला मागच्या खोलीत गेली, खोली तिचीच. तिथे घाणा तापत होता. मिनिटभरात बाहेर आली, नाकाला ओढणी लावून. पुन्हा आत गेली, ड्रमवरची चिठ्ठी मोबाइलमध्ये टिपून घेतली. मग चिकटपट्टी टराटरा ओढून खिडकी उघडली. शेगडी बंद केली.

बाहेर येऊन आईला विचारलं, किती दिवस तू त्या खोलीत बसायचीस?

ही म्हणाली, ऑक्टोबरपासून.

१५ जानेवारी

मोठं रुग्णालय. दिवसभर.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मोबाइलमधली चिठ्ठी वाचली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्या आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त अवघड गेलं. हे स्पिरिट पोटात जावंच लागतं असं नाही, बंद खोलीत रोज श्वासातून आणि कातडीतून थोडं थोडं जात राहिलं तरी नस मारतं. तुम्ही मिसळणं स्वतःकडे घेतलंत पण घर तेच होतं आणि खिडक्या बंद होत्या. लेकीने विचारलं, आधी कळलं असतं तर? बाई म्हणाल्या, खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरला कारण कळलं असतं तर त्याच दिवशी यांना त्या घरातून बाहेर काढलं असतं, उपचार सुरू केले असते. तेव्हा त्यांना अक्षर दिसत होतं.

आता उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो. डाव्याच्या कडेला थोडं दिसतं, हात हलवला तर.

लेक मला म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, त्याने नोकरीबद्दल विचारलं होतं.

ती उठून लांबच्या बाकावर जाऊन बसली.

१६ जानेवारी

ड्रम, पिंपं, शेगडी सगळं डेपोच्या आवारात हलवलं. ड्रायव्हर मदतीला आला. त्याने काही विचारलं नाही, त्याला माहीत होतं असं दिसलं. खोली तीनदा पुसली. वास जात नाही. कदाचित आता तो माझ्याच नाकात असेल.

२१ जानेवारी

हिला घरी आणलं. इंजेक्शनं संपली, पुढे गोळ्या आहेत. लेक भाजी आणायला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "ऑक्टोबरात नव्हतं. चिठ्ठी मीही वाचली होती, तुमच्यापेक्षा नीट वाचली होती. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण त्या डॉक्टरने मला विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत."

मी विचारलं, मग तू का नाही बोललीस?

"त्या दिवशी मला तुमचा चेहरा दिसत होता," ती म्हणाली. "इतके घाबरलेले मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. म्हणून गप्प बसले. वाटलं, घरी जाऊन तुम्ही स्वतःच काहीतरी कराल."

मी तेव्हा घरी येऊन दाराखाली पोतं ठेवलं होतं.

२७ जानेवारी

लेक परत गेली. आईला घेऊन जायचं म्हणत होती. तिकडे जागा आहे, जावई चांगला आहे, इमारतीला लिफ्ट आहे. मी काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं आणि म्हणालो नाही. हिनेच नाही म्हटलं. लेकीला वाटलं, आई माझ्यासाठी थांबते आहे. मलाही क्षणभर वाटलं. मग ही म्हणाली, "अगं, हे घर मला पाठ आहे. चौदा पावलांवर नळ, तिथून सहावर शेगडी. तुझ्याकडे मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि तेही न बघता."

जाताना लेक दारात माझ्या पाया पडली नाही, मी हात पुढे केला तर तोही धरला नाही. म्हणाली, फोन आईला करेन.

९ फेब्रुवारी

प्लांट मंजूर. शेड उभी राहते आहे. मालकांनी इंजिनिअर नेमलाय, शिकलेला, सभ्य माणूस, मला सर म्हणतो. आज घरी अर्ज घेऊन आला. परवान्यासाठी कारखान्यांच्या खात्याकडे पाठवायचा आहे, प्रयोग ज्याने केला त्याने भरून सही करायची. वहिनींबद्दल ऐकून वाईट वाटलं असं मालकांनी सांगितल्याचं तो म्हणाला. फळांची टोपलीही आणली होती.

तो गेल्यावर हिने विचारलं, काय आहे अर्जात? मी वाचून दाखवायला लागलो. कच्चा माल कुठून येणार, साठवण कशी, आग विझवण्याची सोय काय. मग थांबलो.

"थांबलात का?"

वाचलं. प्रयोगाच्या काळात काम करणाऱ्या किंवा त्या जागेत राहणाऱ्या कोणाला आरोग्याची तक्रार झाली का, झाली असल्यास तपशील.

तिने विचारलं, तिथे मिसळायला कोण असणार? मी म्हटलं, चार बायका घेणार आहेत, हात हलका लागतो म्हणून. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाली, "खरं लिहा. सगळं लिहा. कुठली खोली, किती दिवस, खिडकी बंद होती ते, आणि आता मला काय दिसतं ते. मी सांगते, तुम्ही लिहा."

तिने सांगितलं, मी लिहिलं. जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली, पण स्वतः सांगताना एकही वाक्य तिला बदलावं लागलं नाही. शेवटी म्हणाली, वाचा एकदा. मी वाचलं.

तीन महिन्यांत आज पहिल्यांदा मला नीट जेवण गेलं.

११ फेब्रुवारी

इंजिनिअरने ऑफिसात बोलावलं. अर्ज त्याच्यासमोर उलटा ठेवलेला होता, मागची बाजू वर. तो म्हणाला, सर, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण हा असाच गेला तर परवाना मिळायचा नाही, चौकशी लागेल, वर्ष जाईल. जे झालं ते घरात झालं, प्लांटमध्ये नाही. प्लांटला वाफ ओढणारे पंखे आहेत, बंद टाक्या आहेत. घरची गोष्ट या अर्जात येतच नाही. मालक दारात उभे होते. फक्त म्हणाले, मिस्त्री, तुमची खुर्ची आली आहे, बघून घ्या.

इंजिनिअरने दुसरा कोरा अर्ज पुढे केला.

मी आराखडा मागितला. त्याने लगेच पसरून दाखवला. पंखे आहेत. दोन आहेत, मी बोट ठेवून मोजले. विचारलं, हे नक्की बसणार ना? तो म्हणाला, आराखड्यात आहेत म्हणजे बसणारच, पहिल्या टप्प्यात नाही तर दुसऱ्यात.

मी अर्ज भरला. त्या रकान्यात "काही नाही" लिहिलं. सही केली. पहिला अर्ज त्याने घडी करून खणात ठेवला, फाडला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

घरी आलो तर हिने चहा ठेवला होता. दोन कप टेबलावर आणून ठेवले आणि समोर बसली. विचारलं, "दिलात अर्ज?"

मी म्हटलं, "दिला."

"सगळा? मागच्या बाजूसकट?"

मी म्हटलं, "हो."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, मी बसलो होतो त्याच्या जरा उजवीकडे होतं, आणि त्या मोकळ्या जागेकडे बघून ती हसली. मग चहासाठी हात पुढे केला. कप होता तिथून वीतभर लांब. मी कप उचलला आणि तिच्या हाताखाली सरकवला.